‘वुदरिंग हाइट्स’मधील वृक्षप्रतिमा

एमिली ब्राँटे हिची ‘वुदरिंग हाइट्स’ ही कादंबरी डिसेंबर १८४७ मध्ये एलिस बेल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी लेखिका निवर्तली. १८५० साली नवी आवृत्ती सिद्ध करताना तिची थोरली बहीण शार्लट हिने या कृतीची तुलना माळावरील झुडपाच्या गाठाळ मुळाशी केली. हेतू बचावाचा होता. परंतु कादंबरी जणू यॉर्कशरच्या माळानेच प्रसवली, तीत कर्तीची योजना अशी नाही, या समजास त्यामुळे बळ मिळाले. संहिता मात्र वेगळी साक्ष देते.

शीर्षकातील ‘वुदरिंग’ हे प्रांतिक बोलीतील विशेषण वादळात उंचावरच्या घरास बसणाऱ्या वाऱ्याच्या माऱ्याचे द्योतक आहे. पहिल्या प्रकरणात हा अर्थ सांगून लगेच घराजवळची झाडे दाखविली आहेत. उत्तरेच्या वाऱ्याने खुरटे फर वृक्ष कललेले आहेत. काटेरी झुडपांच्या फांद्या एकाच दिशेस, याचकाच्या हातांप्रमाणे, पसरल्या आहेत. येथवर हे केवळ स्थलवर्णन वाटते.

सतराव्या प्रकरणात त्यास प्रतीकाचे रूप येते. हिंडलीने पोरक्या हीथक्लिफला शिक्षणापासून तोडून शेतावरचा गडी बनविले होते. हिंडलीच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा हेअरटन हीथक्लिफच्या हाती लागतो. तोच वारा वाहिला तर हे झाडही तितकेच वाकडे वाढते की नाही, हे पाहण्याचा मानस हीथक्लिफ बोलून दाखवितो. सूड येथे एक प्रयोग बनतो.

प्रयोग फसतो. हेअरटन निरक्षर वाढतो खरा. पण धाकटी कॅथरिन त्यास वाचावयास शिकविते. तेहतिसाव्या प्रकरणात दोघे जोसेफने जपलेली फळझुडपे उपटून फुलझाडांसाठी जागा करतात. वाकवावयाचे म्हणून ठरविलेले झाड आता स्वतःच माळी झाले आहे. त्याच प्रकरणात हीथक्लिफची सूडाची इच्छाही मावळते.

कादंबरीतील कालक्रम व वारसाहक्काचे तपशील किती काटेकोर आहेत, हे सी. पी. सँगर यांनी १९२६ साली दाखवून दिले. वृक्षप्रतिमेची मांडणीही तितकीच विचारपूर्वक आहे. वारा माणसास वाकवितो, हे एमिली ब्राँटे नाकारीत नाही. वाकणे हेच त्याचे अखेरचे रूप होय, एवढे मात्र ती मान्य करीत नाही. हा निर्णय माळाचा नव्हे, लेखिकेचा आहे.