पावसाळ्यातली राजदूत

आमच्या गगनबावड्याकडं पावसाळा म्हणजे चार महिने नुसती झड. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सनं १९६२ पासून काढलेली १७५ सीसीची राजदूत आप्पांनी जुनी घेतली होती. मृग लागला की टाकी रिकामी करायची, प्लग काढून आत चमचाभर ऑईल सोडायचं, चेनला ग्रीस फासायचं आणि गाडी गोठ्यात दगडांवर चढवायची. "चिखलात गाडीची वाट लावायची होय?" आप्पा म्हणायचे.

एका आषाढात आजीला रात्री धाप लागली. गाडी दगडांवर, टाकी कोरडी. चौघांनी घोंगड्याची डोली करून तिला दवाखान्यात नेलं. आजी वाचली.

पुढच्या मृगाला आप्पांनी दगड मांडलेच नाहीत. दर दिवाळीला चेन बदलावी लागे. तो हिशेब त्यांनी कधी काढला नाही.