एका कणाची साक्ष

विरोधी पुरावा समोर आला की सिद्धान्त टाकून द्यावा, ही विज्ञानाची रीत म्हणून आपल्याला शाळेपासून सांगितली जाते. वेगवान इलेक्ट्रॉनाच्या गतिज ऊर्जेचा इतिहास पाहता ही रीत इतकी सरळ नाही, असे लक्षात येते.

न्यूटनच्या यामिकीनुसार पदार्थावर कार्य केले की त्याची गतिज ऊर्जा तेवढीच वाढते आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे पुरेसे कार्य केल्यास कोणताही वेग गाठता यावा. १९०५ साली आइन्स्टाइनने सापेक्षतेवरील निबंधात इलेक्ट्रॉनाच्या गतिज ऊर्जेचे वेगळे सूत्र मांडले. त्यानुसार स्थिर इलेक्ट्रॉनाला प्रकाशवेगाच्या ६० टक्क्यांपर्यंत नेण्यास जेवढे कार्य लागते, त्याच्या दीडपटीहून अधिक कार्य पुढच्या केवळ २० टक्क्यांसाठी लागते. प्रकाशाचा वेग गाठण्यासाठी तर अनंत कार्य हवे.

या सूत्रामागील विचाराची कसोटी आधीच सुरू होती. वॉल्टर काउफमन १९०१ पासून रेडियममधून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतील विचलन मोजत होता. १९०६ साली त्याने सविस्तर निष्कर्ष प्रसिद्ध केला : मोजमापे मॅक्स अब्राहमच्या सिद्धान्ताच्या बाजूची आहेत, लोरेंट्झ आणि आइन्स्टाइन यांच्या मांडणीशी ती जुळत नाहीत. लोरेंट्झसारखा थोर भौतिकविद हतबल झाला. आपला सिद्धान्त सोडावा लागेल, असे त्याने प्वांकारेला पत्रातून कळवले.

आइन्स्टाइनची प्रतिक्रिया निराळी होती. १९०७ च्या आढावालेखात त्याने काउफमनची मोजमापे नाकारली नाहीत; प्रतिस्पर्धी सिद्धान्त त्यांच्याशी अधिक जुळतात, हेही मान्य केले. मात्र त्या सिद्धान्तांची गृहीतके घटनांच्या व्यापक समूहाला कवेत घेत नाहीत, म्हणून ते खरे असण्याची शक्यता त्याला कमी वाटली. प्लांकने तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि ती निर्णायक नाही, असे दाखवले.

हा केवळ हट्ट होता काय? पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा पेच परिचित आहे. एका पोथीतील एखादा पाठ संपूर्ण ग्रंथाच्या संगतीला छेद देतो, तेव्हा त्या पाठाला प्रमाण मानावे की पोथीच पुन्हा तपासावी? संगती हा पुरावा नव्हे; परंतु पुराव्याला किती वजन द्यायचे, हे ठरवताना ती बाजूला ठेवता येत नाही.

१९०८ साली बुखेररच्या प्रयोगाने पारडे सापेक्षतेकडे झुकवले. मात्र ती साक्षही निर्दोष नव्हती : त्या धाटणीच्या प्रयोगांतील उणिवा १९३८ साली झान आणि स्पीस यांनी दाखवून दिल्या. म्हणजे अनुकूल पुराव्यालाही तीच कठोर तपासणी लागू झाली.

१९६४ साली विल्यम बर्टोझीने प्रसिद्ध केलेला प्रयोग या कथेतील सर्वांत स्पष्ट पुरावा ठरतो. त्याने इलेक्ट्रॉनांना ८.४ मीटर अंतर कापण्यास लागणारा वेळ थेट मोजला. १५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेला न्यूटनच्या हिशेबाने वेग प्रकाशाच्या साडेसात पटींहून अधिक यायला हवा होता. प्रत्यक्षात तो प्रकाशवेगाच्या मर्यादेतच राहिला. मग केलेले कार्य गेले कुठे? इलेक्ट्रॉन ज्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर आदळत होते, तिची उष्णता त्याने दोन ऊर्जापातळ्यांवर मोजली. ती दिलेल्या ऊर्जेशी जुळली. वेग जवळपास थांबला होता, ऊर्जा वाढतच होती.

आइन्स्टाइन अखेर बरोबर ठरला, म्हणून १९०७ मधला त्याचा विश्वास आपोआप समर्थनीय ठरत नाही. तो समर्थनीय ठरतो तो त्याने विरोधी साक्ष न लपवता तिच्यासह आपली भूमिका मांडली, यामुळे. समीक्षकानेही एवढे पथ्य पाळले, तरी पुष्कळ झाले.