ठरावाची वही आणि तळ्याचे पाणी

नगरपालिका म्हटली की आपल्याला घरपट्टीचे बिल आठवते, तुंबलेले गटार आठवते, नळाला न आलेले पाणी आठवते. इतिहास मात्र आठवत नाही. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, अशी शाळेपासूनची आपली समजूत. वस्तुतः दिल्ली-मुंबईच्या कारभारापेक्षाही आपल्या रोजच्या जगण्याला अधिक स्पर्श होतो तो गावच्या नगरपालिकेच्या सभागृहाचा. कोणत्या आळीत दिवा लागायचा, कोणत्या रस्त्यावर खडी पडायची, कोणत्या शाळेचे छप्पर आणखी एक पावसाळा गळत राहायचे, हे तेथे ठरते. आणि तेथे जे ठरते ते दोन वह्यांत उतरते. एक वही अंदाजपत्रकाची, दुसरी ठरावांची.

या दोन वह्या आपण कधी उघडून पाहत नाही. म्हणूनच महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन प्रकरणे आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. पहिले पुण्याचे, पैशाचे. दुसरे महाडचे, पाण्याचे. दोहोंचा धागा मात्र एकच आहे.

हा कारभार आला कोठून?

आपल्याकडील नगरपालिकांचे मूळ १८५० सालच्या २६ व्या कायद्यात सापडते. एखाद्या गावच्या रहिवाशांची इच्छा दिसली तर सरकारने तेथे हा कायदा लागू करावा आणि गावाने आपल्याच खर्चाने रस्ते, दिवाबत्ती व साफसफाई करावी, अशी ती योजना होती. मुंबई इलाख्यातील अनेक गावांनी पुढील पंधरा-वीस वर्षांत तिचा स्वीकार केला. वसईची नगरपालिका १८६४ सालची. या आरंभीच्या सभागृहांत निवडणूक नव्हती. सभासद सरकार नेमी आणि अध्यक्षपदी बहुधा सरकारी अधिकारीच असे. उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे जकात. गावात येणाऱ्या मालावर नाक्यावर कर बसे. धान्यावर, तेलावर, सरपणावर बसलेला कर शेवटी कोणाच्या ताटातून वसूल होतो, हे सांगावयास नकोच. ज्याला मताचा अधिकार नव्हता, ज्याला सभागृहाची पायरी चढता येत नव्हती, तो मजूरही आपल्या भाकरीतून नगरपालिकेची तिजोरी भरीत होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारे प्रकरण तिच्यावर उभे आहे.

१८ मे १८८२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारचा स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव निघाला. कारभार अधिक नीटनेटका होईल एवढाच त्यामागील हेतू नव्हता. लोकांना सार्वजनिक कामाचे शिक्षण मिळावे, हा मुख्य हेतू असल्याचे त्यात स्पष्ट केले होते. त्याला अनुसरून १८८४ साली मुंबई इलाख्याचा नवा कायदा आला आणि लोकांनी निवडलेल्या सभासदांना सभागृहात कायद्याने जागा मिळाली. मतदार अर्थात थोडे, कर भरणारे व बहुधा सुस्थितीतले.

पुण्यातील एक विरोधी मत

रिपन यांच्या ठरावाच्या आधीची, १८७६ साली सुरू झालेली एक कारकीर्द येथे पाहण्यासारखी आहे. त्या वर्षी महात्मा जोतीराव फुले यांची पुण्याच्या नगरपालिकेवर सरकारनियुक्त सभासद म्हणून नेमणूक झाली व पुढे काही वर्षे ते त्या सभागृहात बसले. फुले यांना आपण शिक्षणप्रसारक आणि समाजसुधारक म्हणून ओळखतो; परंतु ते व्यवसायाने ठेकेदारही होते. सरकारी बांधकामांना दगड-चुन्याचा पुरवठा करण्याचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. कामाची किंमत कशी फुगते, मोजमापात कोठे पाणी मुरते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

त्यांच्या कारकिर्दीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीचा प्रश्न आला. स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करावे, असा प्रस्ताव सभागृहापुढे मांडला गेला. एक हजार रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. सरकारने नेमलेले सभासद, सरकारचाच सर्वोच्च अधिकारी पाहुणा, मग विरोध कोण करणार? फुले यांनी तो केला. हा पैसा पुण्यातील गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांनी सुचविले. बत्तीस सभासदांच्या त्या सभागृहात विरोधात पडलेले मत एकच होते, आणि ते त्यांचे होते. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला.

ज्या सरकारने त्यांना नेमले, त्याच सरकारच्या मानपानाच्या खर्चाला त्यांनी नकार दिला. नेमणूक ही उपकाराची परतफेड नसून गावाची चाकरी आहे, असा याचा अर्थ. १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हाही ते गप्प राहिले नाहीत. एका हाताने नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी स्वच्छतेवर पैसा खर्च करते आणि दुसऱ्या हाताने लोकांचे आरोग्य व संसार नासविणारी दुकाने वाढू दिली जातात, ही विसंगती त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून दाखवून दिली. पुढे मोठी मंडई बांधण्याचा विषय निघाला. तेथेही, शिक्षणाची गरज आधी भागवा, असा त्यांचा आग्रह राहिला. मंडई उभी राहिली. तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. आज तीच इमारत महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते, हा काळाने केलेला एक विलक्षण न्याय म्हणावा लागेल.

कोणी म्हणेल, मंडई तर उपयोगी ठरली. मग विरोध चुकला नाही काय? आम्हांला तसे वाटत नाही. मंडई हवी की नको, असा हा प्रश्न नव्हता. हातातला रुपया एकच असेल तर तो आधी कोठे जावा, हा प्रश्न होता. अंदाजपत्रक म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी नव्हे. कोणाची गरज आधी आणि कोणाची नंतर, याचा तो लेखी कबुलीजबाब असतो. फुले यांनी तो कबुलीजबाब मोठ्याने वाचून दाखविला, एवढेच.

याच फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. घरचा हौद एका माणसाच्या निश्चयाने खुला होऊ शकतो. गावाचे तळे खुले करावयाचे तर काय लागते, हे कळण्यासाठी आपल्याला पुण्याहून कोकणात, महाडला जावे लागेल.

महाडचे दोन ठराव

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व राखलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, दवाखाने व कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय. यातील ‘सार्वजनिक पैशातून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बोले यांनी दयेची याचना केली नव्हती, हिशेब मांडला होता. पैसा सर्वांचा, तर पाणीही सर्वांचे.

महाडच्या नगरपालिकेने या ठरावाला मान दिला. जानेवारी १९२४ मध्ये तिने गावातील चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे पुरोगामी पुढारी त्या कारभारात होते. ठराव वहीत उतरला. आणि तीन वर्षे वहीतच राहिला. कोणी अस्पृश्य तळ्यावर गेला नाही, कारण गेल्यास काय होईल हे प्रत्येकाला ठाऊक होते. त्या तळ्यावर अन्य धर्मीयांना मज्जाव नव्हता, गुराढोरांनाही नव्हता. मज्जाव होता तो अस्पृश्य मानलेल्या माणसाला. १९२६ साली बोले यांनी पुन्हा कौन्सिलात आवाज उठविला. हा ठराव न पाळणाऱ्या नगरपालिकांचे व लोकल बोर्डांचे अनुदान रोखावे, अशी त्यांची सूचना होती. कागदाला पाय फुटावयाचे तर तिजोरीला हात घालावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेसाठी जमलेले हजारो स्त्री-पुरुष शांतपणे चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. नगरपालिकेचा ठराव त्या दिवशी प्रथम अंमलात आला. त्यानंतर, आता हे लोक मंदिरात शिरणार, अशी अफवा उठली. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे पंचगव्य मिसळलेले पाण्याचे घडे ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही उरकण्यात आले.

आणि मग नगरपालिकेने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, तिने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. ज्या वहीत न्याय लिहिला गेला होता, त्याच वहीत तो खोडला गेला. डिसेंबरात सत्याग्रह पुन्हा होणार, असे जाहीर होताच काही स्पृश्य रहिवासी दिवाणी न्यायालयात गेले आणि त्यांनी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. डॉ. आंबेडकरांनी न्यायालयाचा मान राखून तळ्यावर जाणे तहकूब केले. दाव्याचा निकाल लागावयास पुढे नऊ वर्षांहून अधिक काळ जावा लागला. महाड, ठाणे आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय, असा त्याचा प्रवास झाला. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निर्णय दिला. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच. तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना वर्ज्य करण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही, असा त्या निकालाचा सारांश. म्हणजे तळे गावाचे होते, आणि गावात सगळेच आले. १९२३ साली बोले यांनी जे म्हटले, त्यावर चौदा वर्षांनी उच्च न्यायालयाचा शिक्का बसला.

आजची वही

आता आपल्या काळाकडे वळू. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमाने चालतो. मुख्याधिकारी अंदाजपत्रक तयार करतात, स्थायी समिती ते तपासते, सर्वसाधारण सभा ते मंजूर करते. तरतूद नसेल तर खर्च नाही, हा मूळ नियम. खरेदीसाठी निविदा, कामासाठी मोजमाप पुस्तिका, वर्षाअखेर स्थानिक निधी लेखापरीक्षा, असे एकावर एक पहारे बसविलेले आहेत. १९९३ साली अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना संविधानाचे संरक्षण दिले आणि स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्राने २०११ साली ते प्रमाण निम्म्यावर नेले.

पहारे आहेत, परंतु पहारेकरी जागे असतील तरच त्यांचा उपयोग. निविदा टाळण्यासाठी एका कामाचे चार तुकडे पाडता येतात. अटी अशा घालता येतात की एकाच पुरवठादाराचा लिफाफा पात्र ठरावा. ऐन मार्चमध्ये निधी संपवायचा म्हणून न लागणाऱ्या वस्तूंची खरेदी होऊ शकते. यांतील प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या ठरावाच्या आधारेच होते, आणि त्या ठरावावर बहुधा ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिलेले असते. बत्तिसातले ते एक मत तेथे दिसत नाही.

आणखी एक बदल आम्हांला महत्त्वाचा वाटतो. १९९९ साली राज्यातील नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी सरकारी अनुदान आले. नाक्यावरची अडवणूक संपली, हे चांगलेच झाले. परंतु पैसा जेव्हा वरून येतो तेव्हा कारभाऱ्यांची नजरही वर लागते, आणि पैसा आपल्या खिशातून जात नाही असे वाटून नागरिकही प्रश्न विचारीनासा होतो. हा भ्रम आहे. मंत्रालयातून आलेला रुपयाही आपल्याच करांतून गेलेला असतो.

आपल्या वसईत २००९ साली चार नगरपरिषदा व अनेक गावे मिळून महानगरपालिका झाली. गावे वगळावीत म्हणून मोठे आंदोलनही झाले. कोणाची बाजू खरी, हा आजचा विषय नव्हे. परंतु सभागृह जितके मोठे व दूरचे होते, तितका नागरिकाला तेथपर्यंत जाण्याचा निश्चय अधिक करावा लागतो, एवढे खरे. आज त्यासाठी साधने आहेत. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा सामान्यतः लोकांना खुली असते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या शुल्कात अंदाजपत्रक, ठराव आणि निविदांची कागदपत्रे मागता येतात. धर्मग्रामाच्या हिशेबात शंभर रुपयांचा मेळ बसला नाही तर आपण हात वर करून विचारतो, आणि ते योग्यच आहे. तीच चिकित्सा आपण गावाच्या कोट्यवधी रुपयांच्या हिशेबाला का लावीत नाही?

पुण्याच्या सभागृहातील एकाकी मत त्या दिवशी हरले. महाडचा चांगला ठराव तीन वर्षे निजून राहिला आणि भीतीपोटी खोडला गेला. तरीही आज आपण आदराने आठवतो ते त्या एकाकी मताला आणि तळ्याच्या काठावर उतरलेल्या त्या माणसांना. सर्वानुमते हात वर करणाऱ्यांची नावे कोणाच्या ओठांवर नाहीत. वहीत लिहिलेला न्याय गावाचा होतो तो कोणीतरी तो मागावयास गेल्यावरच. पुढील अंदाजपत्रकाची सभा होईल तेव्हा प्रेक्षकांच्या बाकावर आपल्यापैकी निदान चार जण बसलेले असावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.