तंजावरची चित्रकला : कथा, कसब आणि हक्क

1855 साली दुसऱ्या शिवाजीच्या मृत्यूनंतर तंजावरचे मराठी राज्य खालसा झाले आणि तेथील चित्रकारांचा प्रमुख आश्रयदाता नाहीसा झाला. सरफोजी दुसरा (राज्यकाल 1798–1832) याच्या दरबारात बहरलेली ही कला पुढे चेट्टियार व्यापाऱ्यांच्या आश्रयाने टिकली. तिचे पारंपरिक कारागीर मात्र मराठी नव्हते. ते मुख्यत्वे तेलुगूभाषक राजू समाजाचे होते. मराठी दरबार, तेलुगू हात आणि तमिळ भूमी यांच्या या संगमाला ‘मराठा चित्रशैली’ म्हणणे सोयीचे असले, तरी अपुरे आहे.

या चित्रांचा विषय सर्वांचा असतो. लोणी खाणारा बालकृष्ण किंवा रामपट्टाभिषेक रंगवण्याचा अधिकार कोणा एका कुळाकडे नाही. जपले जाते ते कसब : फणसाच्या फळीवर कापड चिकटवणे, खडूची भुकटी व डिंक यांच्या लेपाने दागिने आणि महिरपी उठावात आणणे, त्यांवर सोन्याचा वर्ख चढवणे, काचमणी बसवणे.

ऑस्ट्रेलियाच्या मध्य वाळवंटातील पापुन्या वस्तीत नेमके उलट दिसते. 1971 मध्ये शिक्षक जेफ्री बार्डन यांच्या प्रोत्साहनाने तेथील आदिवासींनी फळ्यांवर चित्रे काढण्यास आरंभ केला. ॲक्रिलिक रंग बाहेरून आले. कथा मात्र वंश आणि विधी यांनी बांधलेली, ज्याची त्यानेच रंगवावी अशी. काही गूढ चिन्हे उघड झाल्याने समाजात वाद उद्भवला, तेव्हा चित्रकारांनी ती झाकली वा वगळली. 1972 मध्ये स्थापन झालेली ‘पापुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही कंपनी कलाकारांच्याच मालकीची आहे. अशा कलाकेंद्रांतून विकल्या जाणाऱ्या चित्रासोबत चित्रकाराचे नाव आणि कथेची नोंदही सामान्यतः दिली जाते.

तंजावर चित्राला 2007–08 मध्ये भौगोलिक निर्देशांक लाभला. हा हक्क स्थळाच्या नावाला संरक्षण देतो, एखाद्या चित्रामागच्या हाताला नव्हे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीची सोय कायद्यात आहे, हे खरे. पण जुनी चित्रे बहुतांशी निनावीच आहेत. त्या हातांचा माग दरबारी खर्चाच्या मोडी कागदांत घ्यावा लागेल. हे दप्तर सरस्वती महाल ग्रंथालय आणि तंजावरचे तमिळ विद्यापीठ यांच्याकडे विभागलेले आहे. मोडी वाचणारा अभ्यासक राजू समाजाच्या तेलुगू नावांशी परिचित नसेल, तर कारागिराचे नाव समोर असूनही ते त्याच्या नजरेतून निसटू शकते.