ट्रक ड्रायव्हरचे तास कोणी मोजायचे?

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा रेल्वेने येतो आणि राख रस्त्याने जाते. आमच्या विषयाचा निम्मा भाग या एका वाक्यात आला. कोळशाची गाडी आणणारा लोको पायलट सरकारी नोकर आहे. त्याची ड्यूटी कधी सुरू झाली आणि कधी संपली याची नोंद होते. त्याच कोळशाची राख बल्करमध्ये भरून सिमेंटच्या कारखान्याकडे नेणाऱ्या ड्रायव्हरची अशी नोंद कोणी ठेवत नाही. गाडी रांगेत उभी असेल तर ते काम धरले जात नाही, आणि गाडी चालू असेल तोवर झोप नाही.

नाशिकरोड ते एकलहरे या पट्ट्यातल्या वस्त्यांत आम्ही काम करतो. आरोग्य तपासणीच्या फॉर्मवर ‘रोजचे कामाचे तास’ असा रकाना असतो. ड्रायव्हर मंडळींपाशी आलो की हा रकाना अडतो. "फेऱ्या विचारा दादा, तास काय विचारता," असे एका वयस्कर ड्रायव्हरकाकांनी आम्हाला हसत सांगितले होते. ठरलेला पगार थोडा आणि बाकी सगळे फेरीवर. फेरीच्या भत्त्यातच जेवण, पंक्चर, कधी कधी वाराईसुद्धा. डिझेल शेठच्या हिशोबापेक्षा जास्त लागले तर कपात. पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा. उस्तादाच्या हाताखाली पोरगा शिकायचा आणि चार-पाच वर्षांत स्वतः ड्रायव्हर व्हायचा. आता गाडी मागे घेताना बघायलाही माणूस नाही.

हे सगळे बाजारामुळे झाले, असे सांगितले जाते. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. माणसाकडून वाहतुकीचे काम करून घ्यायचे आणि त्याचे तास मोजायचे नाहीत, ही या देशातली बाजाराच्याही आधीची पद्धत आहे. तिचे जुने नाव वतन.

महार वतनातली कामे आठवून पाहा. सरकारी अंमलदाराचे सामान वाहणे, निरोप आणि टपाल पोचवणे, वाट दाखवणे. म्हणजे वाहतूकच. १८७४ च्या वतन कायद्याने ही बांधिलकी पक्की केली. मोबदला म्हणून तुटपुंजी इनाम जमीन आणि गावाने दिले तर बलुते. वेळेचे बंधन नाही, रात्री हाक आली तरी उठायचे. वतनदार घरी नसेल तर त्याच्या बापाने किंवा घरच्या दुसऱ्या माणसाने जायचे. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच अन्यायावर बोट ठेवून. काम अमर्याद आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर, ही स्थिती त्यांना मोडायची होती. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

आमच्या आजोबांच्या पिढीने वतन सोडले आणि वडिलांच्या पिढीतल्या काहींनी स्टिअरिंग धरले. ती साधी गोष्ट नव्हती. जात विचारणारा गावात मागे राहिला. ढाब्याच्या बाकावर ड्रायव्हर हा ड्रायव्हर म्हणून बसला. ड्रायव्हरकीत सगळ्या जाती-धर्मांची माणसे आहेत, परप्रांतातलीही आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. ‘यातही तुम्ही जात आणता’ असे म्हणणारे म्हणतीलच. त्यांच्यासाठी आम्ही एक गोष्ट याच जिल्ह्यातली सांगतो.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब होते. कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ही मांडणी त्यांनी तिथे केली. ती आपल्याकडे वारंवार सांगितली जाते, पण तिच्यासोबतचे रोजच्या कामाचे तपशील विसरले जातात. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरची जागा त्याला मिळत नाही, कारण स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामेही करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. कामाची वाटणी, बढती, तास, सुट्टी या सगळ्यांत जात आणि मालकी कशी एकत्र काम करते, हे त्यांनी रुळांवर दाखवले. आम्ही तेच रस्त्यावर पाहतो आहोत.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्या काळातल्या कामातून १९४६ मध्ये फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे त्यांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये लिहिले. एकलहऱ्याचे केंद्र राज्याच्याच कंपनीचे आहे. पण राज्याची मालकी गेटपर्यंत. गेटबाहेर ठेकेदार, त्याच्याखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली एका गाडीचा मालक आणि सगळ्यात खाली ड्रायव्हर. प्रत्येक पायरीवर दर थोडा झिजतो.

ड्रायव्हरसाठी कायदाच नव्हता, असेही नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा वाचला तर आश्चर्य वाटते. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला सवलत दिली तरी १० आणि ५४. मध्ये विश्रांती, साप्ताहिक सुट्टी, जादा तासांना दुप्पट दर. क्लीनरही त्यात आला. मग अडले कुठे? कायदा लागू व्हायला पाच किंवा जास्त कामगार लागत. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या एक-दोन गाड्या असलेल्या मालकांच्या. म्हणजे ज्याला कायद्याची गरज जास्त, तोच बाहेर. पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणीही कायदा लावण्याचा अधिकार राज्य सरकारला होता. तो वापरला असता तर चित्र वेगळे असते.

आता शेजारचा माणूस पाहा. त्याच ट्रकमध्ये माल चढवणारा हमाल. त्यालाही कायमचा मालक नव्हता, आज या गाळ्यावर, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी लढले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मालक शंभर असोत, नोंदणी मंडळाकडे. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकाने मंडळात भरायची, मंडळ कामगाराला पगार देणार आणि भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार बघणार. माथाडी मंडळांत आज गैरप्रकार नाहीत असे आमचे म्हणणे नाही. पण मालक विखुरलेले असले तरी कामगाराला संरक्षण देता येते, हे याच राज्याने सिद्ध केले. माल चढवणाऱ्याला मंडळ मिळाले, तोच माल हजार किलोमीटर नेणाऱ्याला मिळाले नाही. ड्रायव्हर एकटा असतो, सतत हलता असतो, सभेला येऊ शकत नाही. आमच्या चळवळीनेही त्याच्यासाठी कधी नेट लावला नाही, हे कबूल केले पाहिजे.

पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परमिट मोकळे केले. गाड्या वाढल्या, भाड्याची चढाओढ लागली. २०१३ मध्ये नाशिकची जकात गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके हटले. पुढे टोलवर फास्टॅग आला. रस्त्यावरचा वेळ वाचला, हे खरे. पण वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या झोपेत गेला नाही, फेऱ्यांत गेला. जुलै २०१८ मध्ये धुरेवरच्या भाराची मर्यादा २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. त्याच वर्षी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असलेच पाहिजेत, हा नियम काढून टाकला. भार वाढला आणि माणूस कमी झाला. जुना नियम सगळे पाळत होते असे नाही, पण तो होता तोवर अपघातानंतर "दुसरा ड्रायव्हर कुठे होता?" असे मालकाला विचारता येत होते.

जानेवारी २०२४ ला ड्रायव्हर एकदाच सगळ्यांना दिसला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघात करून खबर न देता पळून गेल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंवर टँकर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारने चर्चेचे आश्वासन दिले, आणि १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवले गेले. मनमाडच्या परिषदेनंतर ८६ वर्षांनी त्याच परिसरात वाहतुकीच्या कामगाराने आपली ताकद दाखवली. मात्र बातम्यांत शिक्षा आली, थकवा आला नाही. सलग किती तास चालवल्यावर अपघात होतो, हे कोणी विचारले?

८ तासांचा नियम राबवा, असे राज्यांना सांगण्याची वेळ एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर आली. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकांत एसी केबिन सक्तीची झाली. चांगलेच झाले, उन्हाळ्यात इंजिनाशेजारी बसून पाहा म्हणजे कळेल. पण १९६१ चा कायदा ज्या नव्या कामगार संहितेत विलीन झाला, तिच्यात वाहतूक व्यवसायासाठी पाचाची अट दहा कामगारांची झाली आहे. केबिन थंड झाली आणि कायद्याचे दार आणखी अरुंद झाले.

‘एका गाडीचा मालक स्वतःच हप्त्यांत बुडालेला, तो कुठून देणार?’ हा प्रश्न आम्हाला वस्तीतच विचारला जातो, कारण असे मालक आमच्या नात्यातही आहेत. तो खरा आहे. म्हणूनच लेव्ही त्याच्यावर नको, ज्याचा माल आहे त्याच्यावर हवी. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा वाहतूकदार स्वतः देतात. तोच न्याय ड्रायव्हरला लावा आणि माथाडीसारखे मंडळ करा.

तास मोजणार कसे, ही अडचण तर राहिलेलीच नाही. एकलहऱ्यातून निघालेल्या गाडीचेच घ्या. वजनकाट्याच्या पावतीवर वेळ असते. फास्टॅगला प्रत्येक टोलची वेळ माहीत असते. जीपीएसवर शेठला गाडी कुठे किती मिनिटे उभी राहिली ते मोबाईलवर दिसते. ई-वे बिलावर मालाची मुदत लिहिलेली असते. २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस असा तिचा हिशोब आहे, त्याआधी १०० किलोमीटरला एक दिवस होता. मालाची, गाडीची आणि डिझेलची नोंद मिनिटापर्यंत आहे. त्याच नोंदींत ड्रायव्हरच्या नावाचा एक रकाना वाढवायचा आहे, आणि त्याची सुरुवात सरकारी मालकीच्या गेटपासून करायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट बघावी लागत नाही.