प्रोसेसरची ताप व स्थैर्य चाचणी

सुटे भाग आणून जोडलेला संगणक कामाला लावण्याआधी त्याच्या प्रोसेसरवर मुद्दाम पूर्ण भार टाकून घेतलेली परीक्षा. तीत दोन गोष्टी पाहतात : प्रोसेसर किती तापतो आणि तापलेला असताना हिशेब चुकतो का. दोन्ही एकाच बैठकीत तपासता येतात, म्हणून त्यांची गल्लत होते. पण थंड राहणारे मशीनही चुकू शकते आणि नव्वदीला पोहोचणारे मशीन वर्षानुवर्षे बिनचूक चालू शकते. कंपनीचा तयार संगणक कारखान्यातून तपासून येतो. असेंबल्ड मशीनची परीक्षा जोडणाऱ्यानेच घ्यायची असते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा ४० अंशांपुढे जाणे नेहमीचे असल्याने येथे तिला जास्त महत्त्व आहे.

तापमापन : आजच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरजवळ तापसंवेदक असतो. इंटेलच्या प्रोसेसरमधला संवेदक थेट अंश सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती खाली आहोत एवढेच सांगतो. वजाबाकी करून आकडा दाखवण्याचे काम कोअर टेम्प, एचडब्ल्यूइन्फो यांसारखी सॉफ्टवेअर करतात. त्यामुळे मर्यादेजवळचा आकडा जितका भरवशाचा, तितका रिकाम्या बसलेल्या मशीनचा नसतो. एएमडीने तर २०१७ मध्ये रायझन १७००एक्स व १८००एक्स या प्रोसेसरांचे दिसणारे तापमान खऱ्यापेक्षा २० अंशांनी वाढवूनच ठेवले होते. मालिकेतल्या सर्व मॉडेलांचे पंखे सारख्या रीतीने चालावेत, हा त्यामागचा हेतू. बायोसमध्ये दिसणारे तापमानही विंडोजमधल्यापेक्षा थोडे जास्त असते, कारण तेथे प्रोसेसरला विश्रांतीच्या अवस्था नीट मिळत नाहीत. पहिल्यांदा मशीन सुरू केल्यावर बायोसमधला आकडा पाहून घाबरणारे पुष्कळ असतात.

इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत ती बहुतांशी ९५ आणि ७८००एक्स३डीसाठी ८९ आहे. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपला वेग उतरवतो. यालाच थ्रॉटल होणे म्हणतात. त्याही पलीकडे ताप गेला तर मशीन आपोआप बंद पडते. पूर्वी ही सोय सर्वांत नव्हती. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ने चालू मशीनवरचा कूलर उचलून दाखवला, तेव्हा पेंटियम ४ संथ होत चालत राहिला आणि एएमडीचा ॲथलॉन काही क्षणांत जळाला.

खोलीचे तापमान : कूलर प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत नेऊन सोडतो, ती हवा थंड करण्याचे काम त्याच्याकडे नसते. भार आणि पंख्याचा वेग तोच असेल तर प्रोसेसर व खोली यांच्या तापमानातला फरक जवळजवळ कायम राहतो. समजा, दर वॉटला ०.७ अंश चढू देणारा साधा कूलर आहे आणि भार ६५ वॉट आहे. फरक सुमारे ४५ अंशांचा पडेल. २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६७ दाखवेल आणि ४० अंशांच्या खोलीत ८५. बंद कॅबिनेटमुळे त्यात आणखी काही अंशांची भर पडते. कोअर आय-५ १२४०० कमाल टर्बोत ११७ वॉटपर्यंत जातो. तो भार याच कूलरवर टिकवला तर मेच्या दुपारी प्रोसेसरने वेग उतरवणे अटळ आहे. म्हणून खोलीचे तापमान न नोंदवता सांगितलेला ‘माझा लोडला सत्तर’ हा आकडा निरुपयोगी समजावा. थंड हवेच्या देशातल्या यूट्यूब व्हिडिओतला आकडा सोलापूरच्या पत्र्याच्या खोलीला लावणे हा त्याचाच प्रकार.

येथील उन्हाळा कोरडा असल्याने पाण्याचा कूलर खोलीचे तापमान चांगलेच उतरवतो आणि त्याचा फायदा मशीनलाही मिळतो. मात्र त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. पाण्याच्या बारीक थेंबांबरोबर क्षार येतात आणि पात्यांवर बसलेली धूळ त्यांनी घट्ट होते.

चाचणीची रीत : सुरुवात डोळ्यांनी करावी. कूलरच्या तळाचे प्लास्टिकचे पापुद्रे काढले आहेत का, पेस्ट वाटाण्याएवढी घातली आहे का, पंख्याची वायर बोर्डावर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच आहे का, हे पाहावे. इंटेलबरोबर येणाऱ्या कूलरच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबतात. खुंटी बसल्याचा टक्‌ असा आवाज येतो, पण त्यावर विसंबू नये. बोर्ड उलटा करून पाहिला तर प्रत्येक भोकातून पांढरे पाय फाकलेले आणि त्यांच्यामध्ये काळी खुंटी आरपार आलेली दिसली पाहिजे. एकच खुंटी अर्धवट राहिली, तरी कूलर एका बाजूने उचललेला राहतो.

त्यानंतर खोलीचे तापमान लिहून ठेवून, कॅबिनेटचे झाकण लावून भार टाकावा. झाकण उघडे ठेवून घेतलेली चाचणी मशीनची खरी स्थिती सांगत नाही. येथे आकड्यापेक्षा चढण्याची चाल बोलकी असते. भार टाकताच चार-पाच सेकंदांत पारा मर्यादेला भिडला तर बहुधा कूलर नीट टेकलेला नाही किंवा पेस्ट कमी आहे. सावकाश चढून दहा-पंधरा मिनिटांत स्थिरावला तर बसवणूक ठीक आहे. सपाट न होता चढतच राहिला तर कॅबिनेटमध्ये हवा कोंडते आहे. पाण्याच्या बंद नळीवाल्या कूलरला स्थिरावायला अर्धा तास द्यावा. लिनक्सवर ताप पाहण्याचे व भार टाकण्याचे काम सेन्सर्स व स्ट्रेस-एनजी या आज्ञांनी होते.

स्थैर्य : प्राइम९५ हा प्रोग्राम जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिला, तो शोधाचा सामुदायिक प्रकल्प १९९६ मध्ये सुरू झाला. महिनोन्‌महिने चालणाऱ्या गणितात एक अंक चुकला तरी सगळे वाया जाते, म्हणून त्यात ‘टॉर्चर टेस्ट’ आली. ती उत्तर माहीत असलेली गणिते सोडवून घेते आणि चूक आढळली की त्या कोअरचे काम थांबवते. छोट्या एफएफटींचा पर्याय प्रोसेसर सर्वांत जास्त तापवतो, तर ब्लेंड हा पर्याय रॅमलाही कामाला लावतो. टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्या दुकानदाराच्या मशीनवर एवढा भार कधीच येत नाही. तेव्हा त्याचे मशीन या चाचणीत ९५ला गेले म्हणून कूलर बदलण्याची गरज नाही. चूक निघाली तर मात्र गय करू नये.

या परीक्षेने खुद्द कारखान्यातला दोषही पकडला आहे. स्कायलेक प्रोसेसर प्राइम९५च्या विशिष्ट गणितांत गोठतात, हे इंटेलने जानेवारी २०१६ मध्ये मान्य केले आणि बायोस अद्ययावत करून ते दुरुस्त झाले. तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांचे दुखणे अधिक गंभीर होते. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे बिघडत आणि खेळ सुरू करताना ग्राफिक्स मेमरी अपुरी असल्याचा भलताच संदेश दिसे. इंटेलने २०२४ मध्ये नवा मायक्रोकोड दिला व वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यामुळे नव्या मशीनचा बायोस आधी अद्ययावत करावा, मग चाचणी घ्यावी.

मशीन अचानक रिस्टार्ट होते तेव्हा दोष प्रोसेसरचाच असेल असे नाही. एक्सएमपी चालू करून वेग वाढवलेली रॅम हे नेहमीचे कारण. आधी मूळ वेगावर आणि मग एक्सएमपीवर मेमटेस्ट८६ चालवल्यास ते उघड होते. विंडोजच्या नोंदवहीतील ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढेच सांगते की मशीन रीतसर बंद झाले नाही. तेथे हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या नोंदी आहेत का, ते पाहावे. बाकीची कारणे विजेत सापडतात. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. ग्राफिक्स कार्डासह पूर्ण भार आला की तोच मान टाकतो आणि बोल प्रोसेसरला लागतो. भाराची चाचणी यूपीएसवर आणि थेट सॉकेटवर, अशी दोन्हीकडे घेतल्यास संशय फिटतो.

सोलापूरच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांजवळ ठेवलेल्या मशीनचा प्रश्न वेगळा आहे. चादरीवरची नक्षी जकार्डवर विणतात. इलेक्ट्रॉनिक जकार्ड असलेल्या कारखान्यात डिझाइन संगणकावरच तयार होते, म्हणजे संगणक मागांपासून फार लांब ठेवता येत नाही. हवेतले कापसाचे तंतू कूलरच्या पात्यांमध्ये अडकून नमद्यासारखा थर धरतात आणि पहिल्या दिवशी ७५ दाखवणारे मशीन काही महिन्यांत थ्रॉटल होऊ लागते. तेव्हा पेस्ट बदलण्याआधी ब्लोअर मारून पाहावा, पण पंखा बोटाने धरून, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग जाते. पहिल्या चाचणीचा आकडा, खोलीचे तापमान आणि तारीख कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी. हिवाळ्यात जोडलेल्या मशीनची चाचणी मेमध्ये भर दुपारी पुन्हा घ्यावी.