थोड्या पैशांतला लॅपटॉप : काय सोडले, काय राखले?

“शाळेकडे जमलेल्या पैशांत एकच लॅपटॉप बसतो. कोणता घ्यावा?” असे शिक्षक आम्हांला नेहमी विचारतात. एखाद्या यंत्राचे नाव सुचवावे, तर वर्षभरात ते जुने होते. म्हणून आपण या प्रश्नाच्या इतिहासाकडे वळू. कमी किमतीचा, सोबत नेता येणारा संगणक बनवताना प्रत्येक निर्मात्याला काहीतरी सोडावे लागले आहे. त्यांनी काय सोडले आणि काय राखले, हे पाहिले की निवड करणे सोपे जाते.

एप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेत ‘ऑस्बर्न १’ आला. त्याचे निर्माते अ‍ॅडम ऑस्बर्न यांच्या बालपणाची बरीच वर्षे तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथे गेली होती. या संगणकाची किंमत १७९५ डॉलर होती. वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा आणि बॅटरी नाहीच! तरीही तो खपला. कारण लेखनासाठी आणि हिशेबासाठी लागणारी सॉफ्टवेअर त्याच किमतीत मिळत होती. यंत्राची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे, हे ग्राहकांना तेव्हाच कळले होते.

१९८३ मधील ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ ची तऱ्हा वेगळी. सर्वांत स्वस्त नमुना १०९९ डॉलरना मिळे. त्याची स्मृती ८ किलोबाइट, म्हणजे इंग्रजी मजकुराची जेमतेम चार टंकलिखित पाने. पडद्यावर ४० अक्षरांच्या फक्त आठ ओळी दिसत. पण कळफलक पूर्ण आकाराचा होता, वजन दोन किलोंहून कमी होते आणि चार साध्या पेन्सिल सेलवर तो सुमारे २० तास चाले. बातमीदारांना आणखी काय हवे होते? घटनास्थळी बातमी लिहायची आणि टेलिफोनवरून कचेरीत पाठवायची. या एका कामाला तो पुरेपूर होता.

२००७ मध्ये तैवानच्या आसुस कंपनीने ७ इंची पडद्याचा ‘ई पीसी’ आणला. त्याच्या ४ गिगाबाइट साठवणीच्या नमुन्यात रॅम पुढे वाढवता येई. साठवण मात्र मुख्य पट्टीवरच डाखलेली होती. आजही लॅपटॉप घेताना हा प्रश्न विचारायलाच हवा : पुढे काय वाढवता येईल आणि काय मुळीच वाढवता येणार नाही?

शाळेच्या दृष्टीने सर्वांत बोलका अनुभव ‘एक्सओ’ चा आहे. निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये मुलांसाठी १०० डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. २००७ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत २०० डॉलरच्या जवळ गेली होती. त्याचा वेग बेताचा, पण पडदा भर उन्हात वाचता येई आणि वीज फार कमी लागे. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील खैरात या लहान गावाच्या शाळेतही तो प्रयोगादाखल आला. पेरू देशाने तर असे लॅपटॉप लाखोंनी घेतले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गणित व भाषेच्या गुणांत सुधारणा झाल्याचे त्यात आढळले नाही. यंत्र वर्गात पोहोचले म्हणजे ते अध्यापनात पोहोचले असे होत नाही.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी वर्गातच एक तक्ता करावा. पहिल्या रकान्यात लॅपटॉपवर करायची कामे लिहावीत, दुसऱ्यात त्यांसाठी जे हवेच ते आणि तिसऱ्यात ज्यावाचून चालेल ते. दुरुस्ती, सॉफ्टवेअर आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांसाठी काही रक्कम आधीच बाजूला काढावी. उरलेल्या पैशांत दुसरा रकाना पूर्ण करणारा लॅपटॉप मिळाला, तर तिसऱ्या रकान्याची हळहळ करण्याचे कारण नाही. मॉडेल १०० वापरणाऱ्या बातमीदारांचे आठ ओळींत भागत होतेच!